वसई-विरारमधून इंजिनिअरिंगला प्रवेश घेताना

सीईटीचा निकाल लागला की वसई-विरारमधल्या घराघरांत एकच प्रश्न ऐकू येतो: पर्सेंटाइल किती? शेजारी तेच विचारतात, नातेवाईक तेच विचारतात आणि क्लासवाले त्याचेच फलक लावतात. तो आकडा महत्त्वाचा आहेच. पण एकदा लागला की तो बदलत नाही. त्यानंतरही बरंच काही विद्यार्थ्याच्या आणि पालकांच्या हातात असतं: कागदपत्रं, पसंतीक्रम आणि पुढची चार वर्षं रोज करायचा प्रवास. दरवर्षी चांगले गुण असलेली मुलं या तीन गोष्टींत मागे पडतात, आणि बेताचे गुण असलेली मुलं याच तीन गोष्टी सांभाळून पुढे जातात. म्हणून या लेखात अभ्यास कसा करायचा हे सांगण्यापेक्षा प्रवेश कसा घ्यायचा आणि पहिलं वर्ष कसं निभवायचं, यावर भर दिला आहे.

आधी रस्ता ओळखा

महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या पदवीला जाण्याचा मुख्य रस्ता म्हणजे बारावी विज्ञान आणि एमएचटी-सीईटी. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच, तिसरा विषय बहुतेकांचा रसायनशास्त्र असतो. प्रवेशासाठी मोजल्या जाणाऱ्या तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला किमान 45 टक्के आणि राज्यातल्या राखीव वर्गांना 40 टक्के लागतात. सीईटीच्या नादात बोर्डाकडे पूर्ण दुर्लक्ष करणाऱ्यांनी ही अट लक्षात ठेवावी. सीईटीत 97 पर्सेंटाइल आहेत आणि बोर्डात 44 टक्के, तर खुल्या वर्गातल्या मुलाला त्या 97चा उपयोग नाही.

सीईटी 200 गुणांची असते. गणिताचे 50 प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, भौतिक आणि रसायन मिळून 100 प्रश्न प्रत्येकी एका गुणाचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. साधारण 20 टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात. अकरावी म्हणजे विश्रांतीचं वर्ष समजणाऱ्यांना ते महागात पडतं.

दुसरा रस्ता दहावीनंतरच्या डिप्लोमाचा. वसई रोडला विद्यावर्धिनी संस्थेचं भाऊसाहेब वर्तक पॉलिटेक्निक 1983 पासून आहे. तीन वर्षांचा डिप्लोमा करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, त्याची प्रवेशप्रक्रिया वेगळी असते आणि तिथं सीईटी लागत नाही. हाताने काम करून शिकणाऱ्या मुलासाठी हा रस्ता उत्तम आहे. त्याला कमी लेखण्याचं काहीच कारण नाही.

कागदपत्रं अकरावीतच

प्रवेश गुणांवर मिळतो, पण कागद कमी पडला तर मिळालेली जागा हातची जाते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, राष्ट्रीयत्वाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेलं बँक खातं, ही यादी बहुतेकांना लागू आहे. राखीव वर्गातल्यांना जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र लागतं. इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या जमाती आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्ग (एसईबीसी) यांना नॉन-क्रीमीलेअर, तर आर्थिक दुर्बल घटकाला ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र. नॉन-क्रीमीलेअरची मुदत नीट वाचा. ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यायचा, त्या वर्षाच्या शेवटच्या 31 मार्चपर्यंत ते वैध असायला हवं. मागच्या वर्षाचं चालत नाही. मुदतीत कागद आला नाही तर उमेदवार खुल्या वर्गात धरला जातो.

यातलं सगळ्यात वेळखाऊ प्रमाणपत्र जात वैधतेचं. त्यासाठी वडील-आजोबा ठरावीक तारखेला कुठं राहत होते आणि त्यांची जात काय नोंदली होती, याचा पुरावा द्यावा लागतो. अनुसूचित जातींसाठी ही तारीख 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 आहे. आता नालासोपारा-विरारची वस्ती आठवा. इथली कितीतरी घरं मूळची सिंधुदुर्ग-रत्नागिरीची, साताऱ्याची, जळगाव-धुळ्याची. पुरावा इथं नसतो, तो गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाहीतर गावच्या महसुली दप्तरात असतो. म्हणून मुलगा किंवा मुलगी अकरावीत असताना गणपतीला गावी जाल, तेव्हाच आजोबांच्या शाळेचा उतारा काढून आणा. बारावीच्या मे महिन्यात रजा टाकून गावी धावण्यात काही हाती लागत नाही. शाळा बंद असते आणि मुख्याध्यापक सुट्टीवर. उतारा हातात आला की कनिष्ठ महाविद्यालयामार्फत अकरावीतच वैधतेचा अर्ज द्या.

इथल्या मूळ रहिवाशांसाठी एक गोष्ट. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला. त्याआधीच्या दाखल्यांवर जिल्हा ठाणे असाच असणार, त्यात काही चूक नाही. चूक असते ती नावांत. डिसोझा हे आडनाव एका कागदावर एका स्पेलिंगने आणि दुसऱ्यावर वेगळ्या, आधारवर इंग्रजी आडनावात अपॉस्ट्रॉफी आहे आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर नाही, कुठं वडिलांचं नाव पूर्ण तर कुठं नुसतं आद्याक्षर. पाटील, म्हात्रे, भोईर यांच्या घरांतही हे होतं. दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानून बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्या. आधार आणि बँकेतलं नाव सुधारायला वेळ लागतो आणि शिष्यवृत्तीचे पैसे नेमके तिथंच अडकतात.

दाखल्यांसाठी आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात अर्ज करता येतो. जून-जुलैत तहसील कार्यालयात गर्दी उसळते. जे दाखले एप्रिलमध्ये निघू शकतात ते एप्रिलमध्येच काढा.

आपल्या आसपास काय आहे

तालुक्यातच पर्याय आहेत. वसई रोड पश्चिमेला विद्यावर्धिनीचं अभियांत्रिकी महाविद्यालय 1994 पासून चालू आहे. विरार पूर्वेला शिरगाव इथं विवा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, वसई पूर्वेला कामणच्या बाजूला युनिव्हर्सल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग. उत्तरेला पालघरचं सेंट जॉन आणि बोईसरचं थीम. दक्षिणेला मीरा रोडचं एल. आर. तिवारी, बोरिवलीचं सेंट फ्रान्सिस, कांदिवलीचं ठाकूर, मालाडचं अथर्व, विलेपार्ल्याचं द्वारकादास संघवी, अंधेरीचं सरदार पटेल आणि माटुंग्याचं 1887 साली सुरू झालेलं व्हीजेटीआय.

यांतलं कुठलं चांगलं, याचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही. व्हीजेटीआय किंवा सरदार पटेलला जागा मिळत असेल तर फार विचार करायची गरज नाही, जावं. त्याखालच्या पायऱ्यांवर मात्र नावापेक्षा चार गोष्टी पाहाव्यात: त्या शाखेला एनबीएची (नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशनची) मान्यता आहे का, प्राध्यापक टिकतात का, प्रयोगशाळा चालू असतात का आणि मागच्या दोन वर्षांत त्याच शाखेतली किती मुलं खरोखर नोकरीला लागली. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकातलं सर्वोच्च पॅकेज एखाद्याच मुलाला मिळालेलं असतं. शाखेतल्या 60 मुलांपैकी मधल्या मुलाला काय मिळालं, ते विचारा. हे दुपारी कॉलेजच्या फाटकाशी उभ्या असलेल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडून दहा मिनिटांत कळतं.

प्रवासाचा हिशेब आधी करा

आपल्या भागातल्या मुलांना हा हिशेब इतरांपेक्षा जास्त लागू आहे. विरारहून माटुंग्याला जायचं म्हणजे घरापासून वर्गापर्यंत पावणेदोन-दोन तास. जाऊन-येऊन चार, आठवड्याचे वीस. हे वीस तास गर्दीत उभं राहून जातात, त्यात पुस्तक उघडता येत नाही. नालासोपाऱ्याला सकाळी चर्चगेटकडच्या फास्ट लोकलमध्ये नुसतं चढणं हाच एक पराक्रम असतो. कित्येक जण आधी उलटे विरारला जातात आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत बसून येतात, म्हणजे वेळ आणखी वाढला. उलट पालघर-बोईसरला सकाळी गर्दीच्या विरुद्ध दिशेने जायचं असतं, पण डहाणूच्या गाड्या कमी. एक चुकली तर पहिलं लेक्चर गेलं. कामणला रेल्वेने जायचं तर दिवा मार्गावरच्या मोजक्या गाड्या, नाहीतर बस किंवा रिक्षा.

म्हणून पसंतीक्रम भरण्याआधी एक काम करा. यादीतल्या पहिल्या तीन-चार महाविद्यालयांत कामाच्या दिवशी, वर्गाच्या वेळेला पोचाल असे घरून निघा. रविवारी वडिलांबरोबर गाडीने जाऊन आलात तर काहीच कळणार नाही. परतीचा प्रवासही संध्याकाळी साडेपाचनंतरचा करून पाहा. दोन महाविद्यालयांच्या दर्जात थोडाच फरक असेल आणि प्रवासात रोज अडीच तासांचा, तर माझं स्पष्ट मत आहे की जवळचं घ्यावं. ते अडीच तास चार वर्षं प्रोजेक्टला, कोडिंगला, झोपेला मिळाले, तर दर्जातला तो फरक मुलगा स्वतःच भरून काढतो. मुलींच्या बाबतीत पालक अनेकदा भीतीपोटी जवळचं कॉलेज ठरवून टाकतात. तसं करू नका. हाच हिशेब तिच्यासमोर मांडा आणि निर्णय तिला घेऊ द्या.

प्रवेश झाल्यावर कॉलेजच्या कार्यालयातून रेल्वे सवलतीचा फॉर्म मिळतो, त्यावर विद्यार्थ्याला पास निम्म्या दरात मिळतो. त्रैमासिक पास काढावा, स्वस्त पडतो.

शाखा निवडताना

सध्या कॉम्प्युटर, आयटी, डेटा सायन्स या शाखा आधी भरतात. ज्याला त्यात गोडी आहे त्याने तिथं जावं. पण सगळे जातात म्हणून जाणाऱ्याने पालघर जिल्ह्यात काय चाललं आहे ते एकदा पाहावं. वसई पूर्वेला वालीव-गोखिवऱ्याच्या औद्योगिक वसाहती आहेत, बोईसरला तारापूर एमआयडीसी आहे, 1969 पासून चालणारं अणुवीज केंद्र आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनची विरार आणि बोईसर ही दोन स्थानकं जिल्ह्यात होणार आहेत. डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट 2024 मध्ये झाली. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा या बंदराला विरोध आहे आणि त्यांचे प्रश्न खरे आहेत. पण सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलच्या मुलांना पुढची कित्येक वर्षं घराजवळ इंटर्नशिप आणि काम मागता येईल, हेही खरं आहे. मिळेल त्या शाखेत जाऊन मग कोडिंगकडे वळू, असं ठरवून जाणाऱ्यांना दोन्हीकडचा अभ्यास करावा लागतो. त्याची तयारी असेल तरच तसं करावं.

कटऑफची यादी कशी वाचायची

सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षीच्या प्रत्येक फेरीचे कटऑफ मिळतात. त्यातली सांकेतिक अक्षरं पाहून पालक गोंधळतात, पण ती सोपी आहेत. पहिलं अक्षर जी असेल तर जागा सर्वांसाठी, एल असेल तर मुलींसाठी. मग प्रवर्ग येतो: ओपन, ओबीसी, एससी, एसटी वगैरे. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे त्याबाहेरची, आणि जिथं राज्यभराची एकच यादी असते तिथं एस. म्हणजे ‘एल-ओबीसी-एच’ असं मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयापुढे दिसलं तर ती मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या ओबीसी मुलीची जागा. मुंबई, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे ते क्षेत्र. होम युनिव्हर्सिटी बारावी कुठून केली यावर ठरते, घरच्या पत्त्यावर नव्हे. बारावीसाठी लातूरला गेलेला वसईचा मुलगा मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयात बाहेरचा धरला जातो. दहावीनंतर बाहेर पाठवताना याचा विचार व्हावा.

पसंतीक्रम भरताना बहुतेक जण एक चूक करतात. आपल्या पर्सेंटाइलला मिळेल अशी महाविद्यालयं वर टाकतात आणि मनात असलेली खाली, किंवा टाकतच नाहीत. संगणक तुमच्या यादीतला वरून पहिला मिळू शकणारा पर्याय देतो. वरचा पर्याय मिळाला नाही म्हणून खालच्याची संधी कमी होत नाही. म्हणून क्रम लावायचा तो इच्छेचा. वर दोन-चार कठीण, मध्ये शक्यतेतले आणि शेवटी नक्की मिळतील असे पुरेसे पर्याय. मात्र जिथं जायचंच नाही, असा पर्याय यादीत कुठंही नको. 2025च्या प्रक्रियेत चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला, दुसरीत पहिल्या तिघांपैकी किंवा तिसरीत पहिल्या सहांपैकी, तर जागा आपोआप गोठवली जात होती आणि पुढच्या फेऱ्या बंद होत होत्या. मग पहिल्या सहा जागांवर काय लिहायचं, हे किती जपून ठरवायला हवं ते लक्षात येईल. बेटरमेंट घेतल्यावर, म्हणजे मिळालेली जागा राखून वरच्या पर्यायासाठी थांबल्यावर, पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळाला, तर आधीची जागा आपोआप जाते, तीही परत मागता येत नाही. नियम दरवर्षी थोडे बदलतात. त्या वर्षाची माहिती पुस्तिका पालकांनी स्वतः वाचावी, व्हॉट्सॲपवरच्या संदेशावर विसंबू नये.

अर्ज शेवटच्या दिवशी भरायचा नाही. ही प्रक्रिया ऐन पावसाळ्यात चालते. 2018च्या जुलैत नालासोपारा-वसई पट्ट्यात रुळांवर पाणी येऊन लोकल बंद पडल्या होत्या आणि कित्येक भागांत वीजही नव्हती. तसा एक दिवस अंतिम मुदतीवर आला तर सगळी मेहनत वाया. फॉर्म भरला की तो कन्फर्म झाल्याची पावती छापून ठेवा. पासवर्ड आणि ओटीपी कोणालाही देऊ नका, सायबर कॅफेवाल्यालाही नाही.

फी आणि सवलती

खासगी महाविद्यालयांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती जाहीर असते. त्यावर एक रुपयाही देणगी मागणं 1987च्या कायद्याने गुन्हा आहे. ‘मॅनेजमेंटमधून जागा काढून देतो’ म्हणणाऱ्या माणसापासून लांब राहा. संस्थास्तरावरच्या जागांसाठीही महाविद्यालयाला जाहिरात देऊन अर्ज मागवावे लागतात, तो अर्ज तुम्ही स्वतः करू शकता. शिवाय शासनाच्या बहुतेक शुल्क सवलती केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून (कॅप) प्रवेश घेतलेल्यांनाच मिळतात.

त्या सवलती मोठ्या आहेत. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन पूर्ण भरतं. आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आहेत. टीएफडब्ल्यूएस या नावाच्या पाच टक्के जादा जागांवर शिक्षण शुल्क माफ असतं. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख, आणि पसंतीक्रमात त्या जागेचा वेगळा कोड भरावा लागतो. विकास शुल्क वगैरे त्यांनाही द्यावं लागतं. या जागेवरून पुढे शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही, हे ध्यानात असू द्या. शुल्क सवलतीचा अर्ज शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर दरवर्षी नव्याने करायचा असतो. पहिल्या वर्षी केला म्हणजे चार वर्षांचं झालं, असं नाही. घरचे पैसे कमीच पडत असतील तर साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय मिळू शकतं. खासगी सावकाराकडे किंवा सोनं गहाण ठेवायला जाण्याआधी बँकेत विचारा.

पहिलं वर्ष

पहिल्या वर्षाचे विषय सर्व शाखांना जवळपास सारखे: गणित, भौतिक, रसायन, मेकॅनिक्स, इलेक्ट्रिकल, ड्रॉइंग, प्रोग्रामिंग, वर्कशॉप. कॉम्प्युटरला आलोय तर लाकूड का तासायचं, असं मुलं विचारतात. वस्तू कशी बनते हे एकदा हाताने कळावं, म्हणून. मुलं अडकतात ती बहुधा गणितात, मेकॅनिक्समध्ये आणि ड्रॉइंगमध्ये. ड्रॉइंगची शीट रोजच्या रोज पूर्ण करा. आदल्या रात्री सीनियरची शीट समोर ठेवून गिरवली की सबमिशन होतं, पण परीक्षेत तीच वस्तू वेगळ्या बाजूने काढायला आली की हात थांबतो.

क्लासमधून आलेल्या मुलाला पहिला धक्का बसतो तो म्हणजे इथं कोणी मागे लागत नाही. हजेरी 75 टक्क्यांखाली गेली की डिफॉल्टर यादीत नाव लागतं, एवढंच. पावसात लोकल बंद पडून काही दिवस जाणारच, म्हणून बाकीचे दिवस विनाकारण बुडवू नयेत. शेवटच्या फेरीत प्रवेश मिळालेल्यांचे सुरुवातीचे आठवडे हुकलेले असतात. त्यांनी पहिल्याच दिवशी वर्गमित्रांच्या वह्या मागून घ्याव्यात, लाजू नये. केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तर आभाळ कोसळत नाही, पण ती पुढच्या सत्रातच काढावी. साठत गेल्या की तिसऱ्या वर्षाची वाट अडते.

इंग्रजीची भीती वाटणाऱ्यांना एवढंच सांगेन की व्हायवाला प्राध्यापक विषय समजला आहे का ते पाहतात. मोडक्या इंग्रजीत दिलेलं बरोबर उत्तर पाठ केलेल्या परिच्छेदापेक्षा चांगलं. आणि कोणी सीनियर त्रास देत असेल तर गप्प बसू नका. रॅगिंग हा महाराष्ट्रात 1999च्या कायद्याने गुन्हा आहे. यूजीसीची 1800-180-5522 ही हेल्पलाइन चोवीस तास चालते.

पालकांना शेवटची विनंती. अर्ज मुलांनाच भरू द्या, तुम्ही शेजारी बसून तपासा. रांगेत, सेतू केंद्रात, कॉलेजच्या कार्यालयात त्यांना पुढे करा. स्वतःचा प्रवेश स्वतः घेतलेला विद्यार्थी पुढची चार वर्षंही स्वतःच्या जबाबदारीवर काढतो. आणि आज घरात अकरावीचं मूल असेल, तर या आठवड्यात एकच काम करा: दहावीची गुणपत्रिका, आधार कार्ड आणि जातीचा दाखला शेजारी शेजारी ठेवून त्यांवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का ते पाहा.